जादा दोरी

१

माझ्या भावाला दुसऱ्यांदा बुडवलं ते आमच्याच गोदामात, भर सकाळी, सगळ्यांच्या देखत.

पहिल्यांदा तो बुडाला त्याला वीसेक वर्षं झाली. दादा टगचा कप्तान होता. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून-ढकलून धक्क्याला लावणारी लहान पण दणकट बोट. एका जहाजाचा दोर नको तिकडून ताणला गेला आणि दादाची टग बंदराच्या तोंडाशीच आडवी होऊन तळाला गेली. सोबत तीन खलाशी होते. टगच्या छपरावर एका पांढऱ्या पेटीत तराफा होता. बोट बुडाली की ही पेटी आपोआप सुटून वर येते, तराफा फुगतो आणि माणसं त्याला धरून तगतात. त्या दिवशी पेटी वर आलीच नाही. मदत पोचेपर्यंत चौघेही पोहून पोहून दमले आणि एकेक करून गेले.

तेव्हाच्या चौकशीने ठरवलं, की पेटी हलू नये म्हणून कप्तानाने तिला जादा दोरी बांधली असणार, म्हणूनच ती सुटली नाही. चार जिवांचं पाप दादाच्या माथी मारलं गेलं. निकालावर सही मोठ्या साहेबांची. ते तेव्हा सागरी सुरक्षा कार्यालयाचे प्रमुख होते. वर बातमीदारांना म्हणाले, "असा माणूस जमिनीवरच बरा होता." खलाशांच्या बायकांनी आमच्या दारात येऊन वहिनीला नाही नाही ते ऐकवलं. आई उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती, पण तिने दार लावून घेतलं नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते. त्याच दिवशी ठरवलं, या माणसाच्या खुर्चीत जाऊन बसायचं आणि त्याची सही त्याच्याच घशात घालायची. आज मी त्या खुर्चीत आहे. दीपगृहं, धोका दाखवणारे तरंगते बोये, बोटींची तपासणी, बंदराची राखण, सगळं माझ्याकडे. राग नाकावर असतो म्हणतात माझा, आणि खोटं नाही ते. मी जिन्यावर दिसले की कारकून एकमेकांना विचारतात, "आज कितव्या नंबरचा वादळी बावटा?"

यंदा बंदराचं तोंड खोल करायला घेतलं तेव्हा दादाची टग गाळातून वर काढावी लागली. पेटी अजून छपरावरच होती. कामगारांनी ती स्टँडसकट गॅसने कापून काढली आणि गाळ-शिंपल्यांचा तो ढिगारा ताडपत्रीत गुंडाळून आमच्या गोदामात आला. चौकशी पुन्हा उघडली. ती अर्थातच माझ्या हातात नव्हती, त्यासाठी एक निवृत्त न्यायमूर्ती नेमले होते. आम्ही पुरावा सांभाळायचा आणि सुनावणीच्या दिवशी सगळ्यांसमोर उघडायचा, एवढंच आमचं काम. तोवर कोणी हात लावायचा नाही.

सुनावणीच्या सकाळी ताडपत्री काढली. भांडारपाल बाईंनी नळीने पाणी मारलं. गाळ ओघळला आणि पेटीभोवती दोन वेढे दिलेली जाडजूड काळी दोरी दिसली, आवळून गाठ मारलेली.

"घ्या!" मोठे साहेब काठी आपटत म्हणाले. वय झालंय, पण आवाज तोच. "मी लिहिलं ते आता समुद्रच सांगतोय."

मागच्या खुर्चीवरून वहिनी उठली आणि कोणाकडे न बघता बाहेर गेली. माझ्या शेजारी काका उभे होते. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. काका म्हणजे माझे उपसंचालक, साऱ्या ऑफिसचे काका. तेव्हा ते सर्व्हेअर होते, बोटी तपासायचे. बुडायच्या आधी दादाची टग त्यांनीच तपासून पास केली होती. दादा गेल्यावर आमच्या घराला त्यांनीच आधार दिला. आईचं, त्यांच्या माईंचं औषधपाणी, माझी फी, वहिनीची नोकरी, कशात ते नव्हते असं नाही.

"कार्यालयाला काही म्हणायचंय?" न्यायमूर्तींनी विचारलं.

काही नव्हतं. डोळ्यांपुढे अंधारी आली होती, ती लपवायला मी पेटीवर वाकले. आणि वाकले म्हणून दिसलं.

"आहे," मी म्हणाले. "ही दोरी समुद्रात बांधलेली नाही. ती याच गोदामात बांधली आहे."

२

एकच गलका झाला. मी न्यायमूर्तींना जवळ बोलावलं.

"साहेब, वीस वर्षांत या पेटीवर शिंपल्यांचा थर चढलाय. पण शिंपले झाकलेल्या जागी चढत नाहीत. हा पेटीचा मूळ पट्टा बघा, टोकं अजून गाळाने माखलेली आहेत. पण त्याच्याखाली पेटी कोरी आहे, रंगसुद्धा शाबूत आहे. आता ही दोरी जरा सरकवा."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोरी बोटाने ढकलली. तिच्याखाली शिंपले होते, चेपलेले, फुटलेले. फुटलेल्या कडा पांढऱ्याशुभ्र होत्या आणि त्यांचा चुरा न्यायमूर्तींच्या बोटाला लागला.

"दोरी पहिल्यापासून असती तर तिच्याखाली शिंपले वाढलेच नसते," मी म्हणाले.

"किंवा," मोठे साहेब मागून म्हणाले, "आपणच दोरी बांधायची आणि आपणच बोंब मारायची. गोदाम कोणाचं? किल्ल्या कोणाच्या?"

न्यायमूर्तींनी हात पुसले. ते म्हणाले, "दोन्ही शक्य आहे. उद्या सकाळपर्यंत कोणी बांधली ते सांगा. नाहीतर पुराव्यात ढवळाढवळ झाली म्हणून मला ही पेटीच बाद करावी लागेल, आणि जुना निकाल कायम राहील."

म्हणजे दादा कायमचा गुन्हेगार. पुन्हा टगही वर येणार नव्हती आणि पेटीही.

भांडारपाल बाईंना आम्ही कुलूपबाई म्हणतो. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, आणि चालायला लागल्या की अख्ख्या इमारतीला कळतं. मी त्यांना बाजूला घेतलं.

"मॅडम, माझ्या कुलपाला कोणी हात लावलेला नाही," त्या आधीच म्हणाल्या.

"मग दोरी काय भिंतीतून आली?"

त्या रडायच्या बेतात आल्या. न्यायमूर्तींची परवानगी घेऊन काल तिघं पेटी बघून गेले होते, लांबून बघायच्या बोलीवर. मोठ्या साहेबांचे गुडघे दुखत होते, त्यांना खुर्ची हवी होती, ती आणायला बाई वर गेल्या. तराफेवाल्याने पाणी मागितलं. याच माणसाच्या दुकानाने ती पेटी टगवर बसवली होती.

"आणि काका. पण काका आपलेच ना, मॅडम? ते म्हणाले जेवून या, मी आहे. मी गेले."

"काकांचं सोडा. दोरी कुठली?"

"त्या टगचीच. तिकडे कोपऱ्यात ढीग पडलाय."

बाईंनाही मी सोडणार नव्हते. तिथलीच एक दोरी हातात देऊन म्हणाले, खोक्याला बांधून दाखवा. त्यांनी पोराच्या बुटाची बांधावी तशी गाठ मारली. पेटीवरची गाठ बोटीवर वावरलेल्या हाताची होती, ओढावी तितकी आवळत जाणारी. तेव्हा बाई सुटल्या. उरले दोघे, मोठे साहेब आणि तराफेवाला. त्यातला मला कोण हवा होता हे सांगायची गरज नाही.

मी गाडी काढायला सांगितली. मोठ्या साहेबांच्या घरी न कळवता जायचं होतं.

३

दार त्यांनीच उघडलं. बैठकीत भिंतभर बोटींचे फोटो आणि प्रत्येक फोटोत मधोमध हे.

"चहा विचारणार नाही," ते म्हणाले.

"विचारलात तरी घेणार नाही. काल गोदामात कशाला आला होतात?"

"माझ्या निकालाचं हाड पुन्हा उकरताय, ते बघायला नको? आणि लांबूनच बघितलं मी. वाकता येत नाही मला, गाठी कुठल्या मारतोय."

"खुर्चीवर बसून मारता येते."

ते खवळले. "ती टग कोणी घेतली माहीत आहे? मी. पहिल्या फेरीला मी स्वतः तिच्यावर होतो. कंत्राटदाराने छपरावर सगळं वेल्ड करून ठेवलेलं. मी ओरडलो, अरे पेटीचा स्टँड तरी बोल्टावर बसवा, उद्या दुरुस्तीला कसा काढणार? पण ऐकतो कोण! सगळे चोर. आणि आता ही कालची पोरगी मला दोऱ्या शिकवणार."

"दादाने दोरी बांधली हे तुम्ही कशावरून लिहिलंत? पेटी तर तळाला होती."

"तुमच्या त्या काकांनी सांगितलं म्हणून. तपासली तेव्हा पेटी ठीक होती, असं सर्व्हेअर सांगतोय. मग नंतर कोणीतरी बांधली असणार. मग कोणी? बोटीवर मालक एकच, कप्तान. साधा हिशेब."

"चार घरं उद्ध्वस्त झाली तुमच्या साध्या हिशेबाने."

त्यांनी काठी माझ्याकडे रोखली. मग म्हणाले, "तू सूड घ्यायला त्या खुर्चीत बसली आहेस."

"हो."

"निदान खोटं तरी बोलत नाहीस. एक ऐकून जा. मी दोरी बांधली असती ना, तर नीट बांधली असती. कोणाच्या बापाला कळलं नसतं."

मी जिना उतरून गाडीत बसले. याने बांधली नसेल तर मी नाव बदलीन, असं ड्रायव्हरला म्हणाले. तो बिचारा काय बोलणार. नीट बांधली असती म्हणजे काय, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण रागाने माझे कान बंद झाले होते, आणि मी तराफेवाल्याकडे निघाले ती फक्त साहेबांविरुद्ध साक्ष मिळवायला.

४

तराफेवाल्याच्या दुकानात जमिनीवर दोन नारिंगी तराफे फुगवून ठेवले होते आणि रबराच्या वासाने डोकं भणभणत होतं. मला बघताच त्याला घाम फुटला.

"मॅडम, मी नुसतं बघून आलो. पाणी प्यालो आणि आलो."

"घाबरायला काय झालं मग?"

"तुम्हाला बघून कोण घाबरत नाही?"

मी हसले नाही. पेटी टगवर कशी बसवली होती ते पहिल्यापासून सांग, म्हणाले.

"वेल्डर माझाच होता. स्टँडचं बूड म्हणजे सपाट पत्रा. तो छपराच्या पत्र्यावर ठेवला आणि चारी बाजूंनी वेल्ड मारला. मधे पोस्टकार्ड जाणार नाही. पेटी स्टँडवर आणि वरून पट्टा. पट्टा एका छोट्या यंत्रातून घ्यायचा असतो. बोट बुडाली की पाण्याच्या दाबाने ते यंत्र पट्ट्याला धरणारी छोटी दोरी कापतं, पट्टा सुटतो, पेटी वर येते."

"आणि पट्टा यंत्रातून न घेता सरळ स्टँडच्या कडीला अडकवला तर?"

तो फडक्याने मान पुसायला लागला. "तर यंत्र बसतं आपलं कापत, आणि पेटी जाते बोटीबरोबर खाली."

"तू कसा लावला होतास?"

"मी नाही, माझ्या माणसाने लावला. तो आता हयात नाही. पण मॅडम, पट्टा कोणीही लावो, सरकारी सर्व्हेअर वर चढून बघतो आणि मगच सही करतो. सही झाली की माझी जबाबदारी संपली. आणि काकांनी सही केली म्हणजे ठीकच असणार."

"दादाला समज जादा दोरी बांधायचीच असती, तर कशी बांधली असती?"

"वरून आडवी टाकायची आणि दोन्हीकडच्या कड्यांना. दुसरी जागाच नाही तिथे," तो लगेच म्हणाला.

उत्तर माझ्या समोर होतं, पण मी काकांच्या केबिनकडे धावले. साहेबांना अडकवायला मला काकांचा जबाब पुन्हा एकदा, नीट, शब्दाला शब्द हवा होता.

५

काकांनी माझ्यासाठी चहा मागवून ठेवला होता. त्यांना माझी पावलं ओळखू येतात.

"म्हातारा सापडणार," मी बसता बसता म्हणाले. "उद्या त्याला सगळ्यांसमोर सोलते की नाही बघा."

"सोड आता, पोरी," काका म्हणाले. त्यांचा चेहरा ओढलेला होता. "माईंचं वय झालंय. तूही किती वर्षं जाळून घेतलंस स्वतःला. पेटी बाद झाली तर झाली. दादा काय परत येणार आहे?"

"तुम्ही असं म्हणता? तुम्ही?"

"तुझ्यासाठीच म्हणतो."

मला वाईट वाटलं. रिटायर व्हायला आलेला माणूस, थकलाय, असं मनात आलं. म्हणाले, "काका, शेवटचं. तुम्ही पेटी तपासलीत तेव्हा कशी होती? उद्या न्यायमूर्ती विचारतील. त्यांना बारीकसारीक लागतं."

"शंभरदा सांगितलंय. छपरावर चढलो. पट्टा ओढून बघितला. स्टँडच्या खालून हात फिरवून बघितलं, कुठे काही अडकत नाही ना. पट्टा यंत्रातूनच गेलेला. मग सही केली."

मी मान डोलावली, चहा संपवला आणि गोदामात उतरले. कुलूपबाईंनी दार उघडलं. पेटी तशीच होती. दोरी सोडायची नाही असं न्यायमूर्तींनी बजावलेलं, म्हणून मी फक्त तिच्यावरून बोट फिरवत गेले. पेटीवरून, उजव्या बाजूने खाली, मग स्टँडच्या बुडाखालून पलीकडे, डाव्या बाजूने वर. असे दोन वेढे.

बुडाखालून.

मी अंगणात गेले. टगचं छप्परही कापून आणून तिथे उन्हात टाकलं होतं. मधोमध चौकोनी डाग, कडेने कापल्याच्या खुणा. पत्र्यावर पत्रा, मधे पोस्टकार्ड जाणार नाही. बोटीवर त्या स्टँडला खालची बाजूच नव्हती. दोरी तिथून न्यायची तर आधी स्टँड कापून काढायला हवा, आणि तो कापला गेला यंदा. ती तिथून नेता येते असं वाटायला ते छप्पर कधी बघितलेलंच नसायला हवं.

साहेबांनी बघितलं होतं. वेल्डिंगवरून त्यांनी आकाशपाताळ एक केलं होतं. तराफेवाल्याने तर स्वतःच ते करून घेतलं होतं.

मी तिथेच एका उलट्या खोक्यावर बसले. नंतर कुलूपबाईंना म्हणाले, "काकांना बोलवा. म्हणावं, पोरीने बोलावलंय."

६

काका आले ते छत्री घेऊन. मला ऊन लागू नये म्हणून.

"काका, इथे हात घाला," मी छपराकडे बोट दाखवलं.

"कुठे?"

"स्टँडच्या खालून. फिरवला होतात ना? कसा ते दाखवा मला."

त्यांनी चौकोनी डागाकडे बघितलं. मग गोदामाच्या दाराकडे, जिथून पेटी दिसत होती. त्यांना समजायला वेळ लागला नाही. तेही याच कामात मुरलेले आहेत. छत्री त्यांच्या हातातून खाली गेली.

"नव्या बोटींवर स्टँड पायांवर असतो, खाली हात जातो," मी म्हणाले. "गोदामातही तो लाकडी ओंडक्यांवर ठेवलाय, हात जातो. तुम्हाला वाटलं या टगवरही तसंच असेल. तिघांना पेटीजवळ एकटं राहता आलं. त्यातल्या दोघांना ते छप्पर पाठ होतं, ते दोरी खालून कधीच नेणार नाहीत. छपरावर चढून तपासलं म्हणून सही केलेल्या माणसाने मात्र ते कधी बघितलंच नव्हतं. दोरी बांधलीत म्हणून तुम्ही सापडलात, काका. बांधली नसतीत तर तुमचा शब्द खोटा म्हणायची कोणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच."



आमच्या ऑफिसात एक जुनी पद्धत होती. कागदावर तिला नाव नव्हतं, बोलताना सगळे 'धक्क्यावरची तपासणी' म्हणायचे. सर्व्हेअरने धक्क्यावर उभं राहून मान वर करायची, पेटी पांढरी दिसली की सही. मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती बंद केली. तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या काकांनी वाजवल्या होत्या.

"पट्टा कसा आहे?" मी विचारलं. "तुम्ही काल खरवडून बघितलाच असेल."

"सरळ कडीला," ते हलक्या आवाजात म्हणाले. "यंत्रातून नाहीच घेतलेला. गंजून धरलाय, सुटेना. मग दोरी बांधून वर गाळ फासला. वाटलं, दोरी दिसली की पुढे कोण खरवडणार?"

"म्हणजे दादाला पुन्हा मारलंत."

"तो मेलेलाच होता गं. मी जिवंत आहे."

त्या वाक्यावर मी त्यांच्या कानाखाली वाजवली असती. हात उचललाही होता. पण एवढ्यावर सुटू द्यायचं नव्हतं त्यांना.

वर जाऊन मी न्यायमूर्तींना फोन केला. काकांचा जबाब त्यांच्यासमोर घ्यायचं ठरलं. मग मोठ्या साहेबांना फोन लावला आणि दोरी तुम्ही बांधलेली नाही एवढं सांगितलं.

"मला माहीत आहे ते. माफी कधी मागणार?"

"माझी आत्ताच मागते. तुमची उद्या. सुनावणीत, उभं राहून, माझ्या भावाचं पूर्ण नाव घेऊन."

पलीकडे काठी आपटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "कोण होतं?" मी नाव सांगितलं. "त्याच्या शब्दावर सही केली मी," म्हणाले, आणि फोन ठेवला.

काका माझ्या केबिनच्या दारात उभे होते. "कैद होऊ दे, पेन्शन जाऊ दे, पेपरात फोटो येऊ दे," ते म्हणाले. "सगळं मान्य. एकच कर. माईंना सांगू नकोस. त्या मला मुलगा म्हणतात."

वीस वर्षं मी विचार करत होते, दादाच्या मारेकऱ्याला सगळ्यात जास्त कुठे दुखेल. त्याने आपणहून दाखवून दिलं.

"नाही सांगणार," मी म्हणाले. "तुम्ही सांगाल. चला."

७

गाडीत ते शेजारी बसले होते. एका सिग्नलला म्हणाले, "तुझी फी मी भरली होती." मी म्हणाले, "भरलीत."

दार वहिनीने उघडलं. सकाळपासून रडून तिचे डोळे सुजले होते. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती, उतरतं ऊन पाठीवर घेत.

"आलास? बस. चेहरा का असा?" आई त्यांना म्हणाली.

"माई, मी उभाच राहतो," काका म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. धक्का, टग, न चढलेलं छप्पर, सही. मोठ्या साहेबांना दिलेला शब्द. कालची दोरी. मधेमधे आवाज जात होता, तेव्हा आई थांबत होती. वहिनी भिंतीला धरून खाली बसली. मला वाटलं होतं आई किंचाळेल, थुंकेल, निदान उठून त्यांची कॉलर धरेल. मला ते बघायचं होतं. त्यासाठीच आणलं होतं मी त्यांना.

आईने पदराने चष्मा पुसला. "वर जायला शिडी होती?"

"होती, माई."

"मोडकी?"

"नाही. चांगली होती."

"चढला असतास तर पट्टा दिसला असता?"

"दिसला असता. लगेच दिसला असता."

"मग का नाही चढलास?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही.

"ऊन फार होतं," ते म्हणाले.

काका रडायला लागले, लहान मुलासारखे, तोंड न झाकता. "माई, मला परत दारात उभं करू नका. हाकलून द्या. शिव्या द्या हव्या तर."

"छे," आई म्हणाली. "हाकलू कशाला? इतकी वर्षं येतोस, येत जा. शिक्षा काय होईल ती भोग आणि मग ये. मी असेन तोवर दार उघडं आहे तुला. पण आलास की आधी हे सांगायचं. शिडीपासून, उभ्याने. मग बसायचं."

"माई, त्यापेक्षा येऊ नको म्हणा."

"तू नाही आलास तर मी तिला पाठवीन तुला घ्यायला." आईने माझ्याकडे हात केला. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "माझ्या पोराचं खरं काय झालं ते सांगणारं दुसरं कोण आहे मला?"

काका दाराकडे वळले. दारात मी उभी होते. मी बाजूला झाले नाही.

"सूनबाई, वर बस खुर्चीवर," आई वहिनीला म्हणाली. "तुला मघाशी नीट ऐकू आलं नसेल. हां, बोल रे. टग धक्क्याला लागली होती. पुढे?"

काकांनी डोळे पुसले, दोन्ही हात समोर एकमेकांत धरले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.